ओळखपत्र कोणी दाखवायचं?

विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीला नावं ठेवणं हा आता आपल्या गप्पांमधला एक हक्काचा विषय झाला आहे. लग्नाच्या पंगतीत जसं "मठ्ठा जरा आंबटच होता" म्हणायचं, तसं प्रवासाहून आलेल्या माणसाने "अहो, कंबरेचा पट्टासुद्धा काढायला लावला!" म्हणायचं. समोरच्याने चुकचुकायचं. मग कोणाची तरी लोणच्याची बरणी निघते, कोणाच्या तरी आजींची अडकित्त्यासाठी झालेली हुज्जत निघते, आणि चहा येईपर्यंत वेळ बरा जातो.

मला त्या तपासणीचा फारसा राग येत नाही, हे आधीच सांगून टाकते. बायकांची रांग लांब असते, पडद्यामागची ती छोटीशी खोली कोंदट असते, सगळं मान्य. पण आत उभी असलेली सीआयएसएफची मुलगी दिवसभर तेच ते काम करत असते, आणि तरीही पुष्कळदा हसून "हो गया" म्हणते. तिच्यावर काय रागवायचं? माझी तक्रार वेगळीच आहे. पण तिच्याकडे जायच्या आधी त्या प्लास्टिकच्या ट्रेकडे एकदा नीट बघू या.

त्या ट्रेमध्ये आपण ज्या वस्तू काढून ठेवतो, त्यातल्या बहुतेकांच्या मागे एक तारीख आहे. २२ डिसेंबर २००१ ला पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात रिचर्ड रीड नावाच्या माणसाने बुटात दडवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला. म्हणून बूट. अमेरिकेत २००६ पासून तर सरसकट सगळ्यांना बूट काढायला लावायचे, ते थेट जुलै २०२५ पर्यंत. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकं बाटल्यांतून नेण्याचा कट उघडकीस आला. म्हणून ते शंभर मिलिलिटरचं प्रकरण. २००९ च्या नाताळात ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटकं आणली. त्यानंतर हात वर करून उभं राहायची ती काचेची यंत्रं झपाट्याने आली. म्हणजे हा ट्रे नसून इतिहासाचं पुस्तक आहे. चोर खिडकीतून आला की खिडकीला गज, पुढच्या वेळी कौलांतून आला की कौलांखाली जाळी.

गंमत म्हणजे रीडला आणि त्या नाताळवाल्याला, दोघांनाही पकडलं ते यंत्राने नाही. दोघेही तपासणीतून आरामात पार झाले होते. त्यांना धरलं ते आजूबाजूच्या प्रवाशांनी आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांनी. ब्रूस श्नायर नावाचे सुरक्षेचे एक अमेरिकन अभ्यासक आहेत. दिसते खूप पण करते थोडं, अशा बंदोबस्ताला त्यांनी २००३ साली 'सुरक्षेचं नाटक' अशा अर्थाचं नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं की ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानप्रवास खरोखर सुरक्षित झाला तो मुख्यतः दोन गोष्टींनी : वैमानिकाच्या खोलीचं दार भक्कम झालं, आणि अशा वेळी गप्प बसायचं नसतं हे प्रवाशांना कळलं. २०१५ साली अमेरिकेत बातमी आली होती की तिथल्याच सरकारी माणसांनी प्रवाशांचं सोंग घेऊन सत्तर वेळा खोटी हत्यारं वगैरे आत न्यायचा प्रयत्न केला, आणि सदुसष्ट वेळा तो यशस्वी झाला. सत्तरात सदुसष्ट! आमच्या शाळेत एवढे मार्क मिळाले असते तर पेढे वाटले असते.

(आपल्याकडचे नियम कळायला वेगळीच बुद्धी लागते. चेक-इनच्या बॅगेत सुकं खोबरं चालत नाही, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. हे पहिल्यांदा ऐकल्यावर मी माझ्या स्वयंपाकघराकडे जरा आदराने बघितलं.)

पण म्हणून तपासणी हे सगळं थोतांडच आहे असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. आणि त्याचं कारण १९८५ सालातलं आहे.

एअर इंडियाचं कनिष्क विमान २३ जून १९८५ ला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशातच फुटलं. ३२९ माणसं गेली. हे आपल्याला ठाऊक असतं. तो बॉम्ब विमानात कसा पोचला, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही, आणि मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आदल्या दिवशी कॅनडातल्या व्हॅंकूव्हरच्या विमानतळावर एक माणूस काउंटरवर आला. टोरांटोपर्यंतचं त्याचं तिकीट पक्कं होतं, पुढचं एअर इंडियाचं मात्र प्रतीक्षा यादीत. त्याचा आग्रह असा की माझी बॅग इथूनच थेट दिल्लीपर्यंत लावा. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, तसं करता येत नाही, तुमचं पुढचं तिकीट पक्कं नाही. नियम त्यांना माहीत होता आणि त्यांनी तो सांगितलाही. तो माणूस हटेना. आपण पैसे भरलेत म्हणाला, भावाला बोलावून आणतो म्हणाला. मागे रांग वाढत चालली होती. शेवटी त्यांनी बॅग घेतली. बॅग गेली, माणूस विमानात चढलाच नाही.

टोरांटोला सामान तपासायचं क्ष-किरण यंत्र त्या दिवशी मधेच बंद पडलं होतं. मग हातात धरायच्या एका हुंगणाऱ्या यंत्रावर काम भागवलं गेलं. ते काही पकडू शकलं नाही. पुढचं आपल्याला माहीत आहे. ज्याची बॅग विमानात आहे तो माणूसही विमानात आहे ना, हे ताडून बघायची शिस्त जगभर कडक झाली ती त्यानंतर. आपल्याकडे नागरी विमान सुरक्षेचं खातं १९८७ मध्ये स्वतंत्र झालं, तेही याच घटनेमुळे. आणि विमानतळांवर सीआयएसएफ आली ती डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर, २००० साली, पहिल्यांदा जयपूरला. म्हणजे इथेही पुन्हा आधी घटना आणि मग गज.

व्हॅंकूव्हरच्या त्या बाईंना दोष द्यावा असं मला कधीच वाटलेलं नाही. ती कुलूप तोडायची गोष्टच नाही. तिथे कोणी बंदूक दाखवली नाही, संगणकात शिरलं नाही. एका माणसाने घाई केली, आवाज चढवला, आणि समोरच्या माणसाला "नाही" म्हणणं अवघड करून टाकलं. बस. आपल्या भाषेत यासाठी फार जुना शब्द आहे. भीड. आणि तिचं नातंही आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलंय, भीड ही भिकेची बहीण.

माझी तक्रार इथे सुरू होते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याला सुरक्षेची म्हणून जी काही शिकवण मिळाली, ती या भिडेची मिळाली. गणवेश घातलेल्या कोणीही काही विचारलं की उत्तर द्यायचं. मॉलच्या दाराशी "डिकी" म्हटलं की डिकी उघडायची. तो बिचारा काठीला लावलेला आरसा गाडीखाली फिरवतो, काय बघतो देव जाणे, आपण जाणवेल इतक्या सौजन्याने थांबतो. २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या स्टेशनांवर त्या चौकटी उभ्या राहिल्या. लोंढेच्या लोंढे त्यातून जायचे, चौकट पिंपिं करत राहायची, आणि तिच्याकडे वळून बघायला कोणाला फुरसत नसायची. सोसायटीच्या फाटकावर वही असते : नाव, कोणाकडे, मोबाईल नंबर, सही. त्या वहीने चोर सापडल्याचं मी ऐकलेलं नाही. पण आपल्या आधी आलेल्या वीस जणांची नावं आणि नंबर आपल्याला छान वाचता येतात. आणि आपल्यानंतरच्या वीस जणांना आपले.

आधारच्या झेरॉक्सचं तर विचारूच नका. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरूच्या कार्यालयाने सूचना काढली की झेरॉक्स कोणालाही देऊ नका, दुरुपयोग होऊ शकतो. दोनच दिवसांत, लोकांचा गैरसमज होईल म्हणून ती सूचना मागे घेतली गेली. आम्ही मात्र सिमकार्डापासून लॉजपर्यंत सगळीकडे झेरॉक्स देतच आहोत. त्यावर तिरकी रेघ मारून "फक्त अमुक कामासाठी" असं लिहिणारी माणसं दिसली की दुकानदार त्यांच्याकडे विक्षिप्त म्हणून बघतो.

म्हणजे सगळा व्यवहार एकतर्फी. ओळख दाखवायची ती आपण. विचारणाऱ्याने ती कधीही दाखवायची नाही.

आमच्या इमारतीत एक काका आहेत. निवृत्त शिक्षक, आयुष्यभर गणित शिकवलं. स्वभावाने शंकेखोर. भाजीवाल्याचा हिशेब दोनदा करणारे. मागच्या वर्षी काकू बहिणीकडे गेल्या असताना त्यांना एक फोन आला. तुमच्या नावाने परदेशी जाणारं पार्सल पकडलंय, आत अमली पदार्थ आहेत, तुमचा आधार नंबर अमुक अमुक. नंबर बरोबर होता. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' झाली आहे. काका सकाळी साडेदहापासून बसले ते सव्वा वाजेपर्यंत. पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागून उठले. मुदत ठेवींच्या पावत्या टेबलावर काढून ठेवल्या होत्या.

त्यांना वाचवलं ते त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी. त्यांनी बेल वाजवली, दार उघडेना, आतून हिंदीत दरडावणारा आवाज येत होता. त्या सरळ आमच्याकडे आल्या. काकूंनी आमच्याकडे ठेवलेली जादा किल्ली होती, ती घेऊन आम्ही आत गेलो. काका आम्हाला हातानेच "बाहेर जा, बाहेर जा" करत होते. चेहरा पांढराफटक. मावशींनी फोनमध्ये वाकून बघितलं आणि ठणकावून विचारलं, "कुठल्या चौकीचा रे तू? थांब, आमच्या तिसऱ्या मजल्यावर हवालदार राहतात, त्यांनाच बोलावते." पलीकडचा साहेब अदृश्य झाला.

संध्याकाळी काका सावरल्यावर मी त्यांना विचारलं, एवढे तुम्ही चिकित्सक, तुम्ही त्याला एकदाही नाव, हुद्दा, पोलीस ठाणं काहीच कसं विचारलं नाही? ते खरोखर गोंधळून म्हणाले, "अगं, तो गणवेशात होता. गणवेशातल्या माणसाला ओळखपत्र कसं मागायचं?"

हसू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल यांची बातमी आली होती. कोट्यवधींची उलाढाल सांभाळलेला माणूस. त्यांच्यापुढे भामट्यांनी सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीच उभी केली आणि सात कोटी रुपये काढून घेतले. त्यातले बरेचसे पोलिसांनी परत मिळवले, पण ती वेगळी गोष्ट. पुढच्याच महिन्यात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं की डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाहीच. कोणतीही तपासयंत्रणा फोनवरून अटक करत नाही आणि पैसे मागत नाही. हे प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाच्या फ्रिजवर लावून ठेवण्यासारखं आहे, आणि सोबत १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर. पण नुसतं ते पुरणार नाही असं मला वाटतं. कारण या माणसांना माहिती कमी पडत नव्हती. त्यांना उलट प्रश्न विचारायची सवय नव्हती.

आणि ती सवय मोडून काढायला खऱ्या संस्थाही हातभार लावतात बरं का. मला एका बँकेतून फोन येतात. खरोखर बँकेतूनच, मी नंतर खात्री केली. पलीकडची मुलगी म्हणते, "मॅडम, व्हेरिफिकेशनसाठी तुमची जन्मतारीख सांगा." मी म्हणते, फोन तुम्ही केलाय, आधी तुम्ही कोण ते मला पटवा. ती गडबडते. तिच्या कागदावर हे वाक्य नसतं. एकदा एकीने चिडून "मॅडम, मैं बैंक से ही बोल रही हूँ ना!" असं म्हटलं. आता भामटा तरी याहून वेगळं काय म्हणतो? एका हाताने "ओटीपी कोणालाही सांगू नका" असे संदेश पाठवायचे आणि दुसऱ्या हाताने अनोळखी फोनवर माहिती द्यायचा सराव लोकांकडून करून घ्यायचा.

पासवर्डचंही तेच. मोठं अक्षर हवं, लहान हवं, आकडा हवा, ॲट किंवा डॉलर हवा, आणि दर काही दिवसांनी बदला. ही सगळी शिस्त आली कुठून? मुख्यतः अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २००३ साली काढलेल्या एका पुस्तिकेतून. ती लिहिणारे बिल बर २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, वर्तमानपत्राला म्हणाले की त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने नियम बदलले. पासवर्ड लांब असू द्या, उगाच ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका, आणि चोरीला गेलेल्या पासवर्डांच्या याद्यांमध्ये तो नाही ना तेवढं तपासा. कारण माणूस कसा वागतो हे उघडच आहे. आमच्या ओळखीच्या एका कार्यालयात दर पंचेचाळीस दिवसांनी पासवर्ड बदलतात, आणि निम्म्या लोकांचा पासवर्ड 'गणपती ॲट' नंतर एक, दोन, तीन करत आता चाळिशीत पोचला आहे.

माझं मत विचाराल तर पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवायला काही हरकत नाही. हे वाचून संगणकवाले चिडतील. पण माझ्या कपाटातल्या वहीपर्यंत पोचायला चोराला जिना चढून यावं लागेल, आणि आलाच तर तो वहीआधी बांगड्यांचा डबा उचलेल. मला भीती आहे ती हजार मैलांवर बसलेल्या माणसाची. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीतून तीन कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले. त्यात सगळ्यात जास्त आढळलेला होता १२३४५६. एका ठिकाणाहून फुटलेला पासवर्ड चोर बाकी शंभर ठिकाणी लावून बघतो. म्हणून निदान ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड जगात दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. ईमेलचा तर नक्कीच, कारण बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येऊन पडतात. हे एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

आणि ते गुप्त प्रश्न! "आईचं माहेरचं आडनाव काय?" हा प्रश्न ज्याने शोधून काढला, त्याने मराठी लग्नपत्रिका बघितलेली नसावी. आम्ही आजोळ छापून शेकडो लोकांना वाटतो, वर हळदकुंकू लावतो. विवाहमंडळाच्या फॉर्मवर 'मामांचे आडनाव व गाव' असा स्वतंत्र रकाना असतो. मी अशा ठिकाणी खरं उत्तर देतच नाही. माझ्या आईचं माहेरचं आडनाव एका ठिकाणी 'थालीपीठ' आहे. ते कुठे, हे वहीत आहे.

असो. काकांना मी एकच वाक्य शिकवलं, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवलं : "ठेवा, मी परत फोन करतो." मग फोन ठेवायचा, आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर किंवा आपल्या जवळच्या पोलीस ठाण्याच्या नंबरावर आपणहून करायचा. त्यांनी सांगितलेल्या नंबरावर नाही. समोरचा खरा असेल तर त्याचं काही बिघडत नाही.

काकांनी ते भलतंच मनावर घेतलं आहे. परवा इंदूरहून त्यांच्या मेव्हण्यांचा नव्या नंबरावरून फोन आला. तीस वर्षांचा घरोबा. काका म्हणाले, "ठेवा, मी परत फोन करतो," आणि जुन्या डायरीतला नंबर शोधून काढला. तो बंद होता. मग त्यांनी काकूंकडून मेव्हण्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर मिळवला, शेजाऱ्यांना मेव्हण्यांच्या घरी पाठवलं, आणि खात्री झाल्यावर मगच बोलले. मेव्हणे चार दिवस रुसले होते. काकू म्हणाल्या, "रुसू देत. एवीतेवी पैसेच मागायला केला होता."